दोन ते दोन चाळीस

१

गॅसवर दूध ठेवून बाबा कचरा टाकायला खाली गेले आणि तसेच पुढे फिरायला निघून गेले. मी ऑफिसातून आले तेव्हा घरभर करपट वास होता. पातेल्याचं बूड काळं पडलेलं, आणि शेगडी स्वतःहून बंद झालेली. इथल्या शेगड्यांना तेवढी अक्कल असते.

"मी गॅस बंद करून गेलो होतो," बाबा म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना तसंच आठवत होतं.

मी मूळची सांगलीची, टोकियोत येऊन नऊ वर्षं झाली. माझा नवरा केदार आणि मी एदोगावात राहतो, निशी-कासाई स्टेशनपासून सायकलवर सात मिनिटांवर, चौथ्या मजल्यावर. दोघंही सकाळी आठला बाहेर पडतो आणि सातच्या पुढेच परततो. आई गेल्याला पाच वर्षं झाली. तेव्हापासून मी बोलवत होते, पण बाबा या वर्षी एप्रिलमध्ये पहिल्यांदा आले, तीन महिन्यांसाठी. लेकीच्या घरी इतके दिवस राहायचं म्हणून इतके अवघडलेले, की फ्रिज उघडण्याआधीसुद्धा विचारायचे.

दुधाच्या प्रकरणानंतर केदार म्हणाला, "एक कॅमेरा लावून टाकू."

"कॅमेरा नको," बाबा म्हणाले. "मी काय सराफाचं दुकान आहे?"

मी त्यांना शब्द दिला, कॅमेरा लावणार नाही. त्याऐवजी चार छोटे सेन्सर आणले. दार उघडलं की कळेल, स्वयंपाकघरात कुणी वावरलं की कळेल, बाबांच्या खोलीत आणि बाथरूममध्येही तसंच. त्यांचा हिशेब ठेवायला एक जुना लॅपटॉप ओशिइरेत ठेवला. ओशिइरे म्हणजे गाद्या ठेवायचं भिंतीतलं कपाट, आमच्याकडे ते बाबांच्या खोलीत आहे. त्या लॅपटॉपच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा कॉम्प्युटर चालतो, त्याला आम्ही व्हर्च्युअल मशीन म्हणतो. घर सांभाळणारी यंत्रणा त्या आतल्या मशीनवर बसवली.

पहिल्या दिवशी ती आंधळी होती. आतलं मशीन लॅपटॉपच्या आडोशाला बसलेलं, त्याला घरातलं कुणीच दिसेना. हे माझ्या रोजच्या कामातलं. कायाबाचोतल्या एका कंपनीत मी दिवसभर नेटवर्कच सांभाळते. एक सेटिंग बदललं, राउटरने त्या मशीनला स्वतंत्र पत्ता दिला, आणि चारही सेन्सर एकेक करून स्क्रीनवर हिरवे झाले.

बाबा मागे उभे राहून बघत होते. त्यांची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात गेलेली.

"म्हणजे एक्सचेंजला नवा नंबर जोडलास," ते म्हणाले. "क्रॉस कनेक्शन तेवढं होऊ देऊ नकोस."

२

मंगळवारी दुपारी मी ऑफिसात मोबाइलवर पाहिलं, तर चारही सेन्सर करडे. यंत्रणा बंद. वेळ दोन वाजून एक मिनिट. मी बाबांना फोन लावला, त्यांनी उचलला नाही. पुन्हा लावला. दोन चाळीसला सगळं आपोआप हिरवं झालं आणि बाबांचाच फोन आला.

"फोन आत राहिला होता," ते म्हणाले. आवाज प्रसन्न होता.

बुधवारी पुन्हा तेच. गुरुवारी तेच. दोनला बंद, दोन चाळीसला चालू. शनिवारी-रविवारी आम्ही घरी असताना काहीच झालं नाही.

यंत्र उगीच घड्याळ पाळत नाही, त्यामागे कुणीतरी लावलेली वेळ असते. मी क्रमाने एकेक कारण खोडत गेले. लॅपटॉप झोपत असेल, म्हणून त्याची झोप बंद केली. अपडेट चालत असतील, म्हणून त्यांची वेळ हलवली. शेवटी मला जे सापडलं त्याने हायसं वाटलं. सुरुवातीलाच मी त्या आतल्या मशीनची एक प्रत काढून ठेवली होती, बिघडलंच तर असावी म्हणून. प्रत काढताना हार्डवेअर पत्ता बदलायचा राहिला होता. अशा दोन प्रती एकाच वेळी चालू झाल्या तर राउटर गोंधळतो. दोन्हीकडून एकच नाव सांगितलं जातं, मग निरोप कधी हिला जातो, कधी तिला. आमच्याकडे नवी पोरं ही चूक हमखास करतात. मी स्वतःवरच हसले आणि प्रत पुसून टाकली.

सोमवारी दोनला चारही सेन्सर करडे झाले.

३

त्या संध्याकाळी मी मशीनच्या नोंदी ओळीने वाचल्या. वायर निघाली नव्हती, वीज गेली नव्हती. रोज दोन वाजता कुणीतरी लॅपटॉपपुढे बसून माझ्या नावाने, माझा पासवर्ड टाकून मशीन रीतसर थांबवत होतं आणि दोन चाळीसला तितक्याच रीतसर चालू करत होतं. पासवर्ड टाकताना एकदाही चूक नाही.

जेवताना मी विषय काढला. "बाबा, दुपारी तुम्ही त्या कपाटात काही करता का?"

"मी? छे. मी कशाला हात लावू?" त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "तूच बंद करतेस की."

"मी कधी?"

"आल्या आल्या." त्यांना माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "म्हणतेस, बाबा, हे मोजणं जरा थांबवू या. मग चहा टाकतेस."

केदारचा घास हातातच राहिला. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

"मी दुपारी ऑफिसात असते, बाबा."

"हो, मग परत जातेसच ना." ते आमटी वाढून घेऊ लागले. ताटात आमटी घेताना त्यांनी मला विचारलं नाही, हे माझ्या नंतर लक्षात आलं. गेला आठवडाभर त्यांनी कशाचीच परवानगी मागितली नव्हती. रंगही सुधारला होता. कुणीतरी रोज चार गप्पा मारत असल्यासारखे दिसत होते.

अंथरुणावर पडल्यावर मी केदारला म्हटलं, "डॉक्टरांची वेळ घेऊ. त्यांना भास होताहेत."

"आणि पासवर्ड?" तो म्हणाला.

पासवर्ड बाबांना माहीत नव्हता. तो दोघांनाच माहीत होता, मला आणि केदारला.

४

पुढचे चार दिवस मी काय काय विचार केले ते सांगायचीही लाज वाटते. केदारचं ऑफिस शिनागावाला. तो दुपारी येत असेल का? कुणाला घेऊन येत असेल का? कुणी मराठी बोलणारी, जिला बाबा मी समजतात? तो आंघोळीला गेला असताना मी त्याच्या ट्रेनच्या कार्डाच्या नोंदी काढून पाहिल्या. सकाळी एक प्रवास, संध्याकाळी एक. बाकी काही नाही.

शनिवारी तो बाल्कनीत कपडे वाळत घालत होता. मी सरळ विचारलं.

"तू दुपारी घरी येतोस का?"

त्याने हातातला शर्ट झटकला, खांद्यांना चिमटे लावले. मग म्हणाला, "हे तू मला विचारतेस?"

"म्हणजे?"

"इशिगे-सान भेटले बुधवारी." इशिगे-सान म्हणजे आमच्या इमारतीचे केअरटेकर. "म्हणाले, तुमच्या मिसेस हल्ली रोज दुपारी वडिलांसाठी घरी येतात, फार छान वाटतं बघून. मी मान डोलावली. काय बोलणार?"

"त्यांनी दुसऱ्या कुणाला पाहिलं असेल. या इमारतीत चार भारतीय बायका आहेत."

"ते तुला नावाने हाक मारतात, वैभवी. सहा वर्षं ओळखतात." त्याने पुढचा कपडा घेतला. "मी तीन दिवस वाट बघतोय, तू आपण होऊन सांगशील म्हणून. बाबांना भेटायला येतेस तर ये ना. लपवायचं कशाला? आणि वर त्यांनाच वेडं ठरवायचं?"

"मी ऑफिसात असते, केदार!"

"बरं," तो म्हणाला. इतक्या थंडपणे तो माझ्याशी पूर्वी कधी बोलला नव्हता.

आत बाबा पेपर वाचत होते. आमचं बोलणं त्यांनी ऐकलं असणार. मी समोरून गेले तेव्हा त्यांनी मान वर केली आणि बारीक आवाजात म्हणाले, "त्याला नको सांगू. आपल्यातलं आपल्यात."

५

सोमवारी दोनला पाच मिनिटं कमी असताना मी मोबाइलवर राउटरचं ॲप उघडून बसले. घरची यंत्रणा थांबली तरी राउटर चालूच असतो, आणि घरात कोणकोणती उपकरणं जोडलेली आहेत ते त्या ॲपमध्ये दिसतं. टीव्ही, लॅपटॉप, आतलं मशीन, बाबांचा फोन.

दोन वाजले. यादीत एक ओळ वाढली.

माझा फोन.

मी यंत्रणेला माझी ओळख पटावी म्हणून फोनला ठरावीक पत्ता दिला होता. तोच पत्ता, तेच नाव, सिग्नल उत्तम. आणि तो फोन माझ्या हातात होता, आठेक किलोमीटर लांब, कायाबाचोतल्या ऑफिसच्या सहाव्या मजल्यावर. लगेच आतलं मशीन यादीतून गेलं.

शेजारी सुशांत बसतो, पुण्याचा. त्याला दाखवलं.

"जुनी नोंद असेल," तो म्हणाला. "काढून टाक ना."

मी ती ओळ पुसली. सुशांत जरा वाकून बघत होता. काही क्षणांत ओळ परत आली. त्याने ती स्वतः पुसली. परत आली.

"कुणीतरी तुझा पत्ता वापरतंय," तो म्हणाला. "शेजारपाजारचं कुणी असेल. पासवर्ड बदल."

मी तिथूनच वाय-फायचा पासवर्ड बदलला, वीस अक्षरी. सगळी यादी रिकामी झाली. टीव्ही गेला, बाबांचा फोन गेला. मग एकच ओळ उगवली. नव्या पासवर्डने जोडलं गेलेलं घरातलं एकमेव उपकरण.

सुशांत सरळ होऊन बसला.

६

रात्री घरातलं सगळं नव्या पासवर्डने पुन्हा जोडलं. दुसऱ्या दिवशी मी सव्वाला निघाले. दुपारच्या ट्रेनमध्ये बसायला जागा होती. स्टेशनवर सायकल काढताना कुलपाला दोनदा किल्ली लागेना.

इमारतीच्या दारात इशिगे-सान काच पुसत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग लिफ्टकडे, मग पुन्हा माझ्याकडे. "आरे? आत्ताच तर..." एवढं म्हणून ते थांबले. मान लववली आणि पुसलेलीच काच पुन्हा पुसायला लागले.

दोन वाजून आठ मिनिटं. माझ्या किल्लीने दार उघडलं आणि चार बोटांवर अडकलं. आतून साखळी होती.

त्या फटीतून गेंकान दिसत होतं, दाराशी चपला काढायची जागा. बाबांच्या चपला होत्या. त्यांच्याशेजारी नीट जोडून ठेवलेले काळे बूट. उजव्या बुटाची टाच बाहेरच्या बाजूने झिजलेली. मी खाली माझ्या पायांकडे बघितलं नाही. बघायची गरज नव्हती.

आल्याच्या चहाचा वास येत होता. आत बाबा हसले. किती वर्षांनी मी ते हसू ऐकत होते. मग दुसरा आवाज आला. आपलाच आवाज रेकॉर्ड केलेला ऐकला की परका वाटतो ना, तसा. म्हणून ओळखायला क्षणभर लागला.

"विमानं बंद नव्हती, बाबा," तो आवाज म्हणाला. "मी तुम्हाला खोटं सांगितलं. खास विमानं सुटत होती. मी तिकीट काढलं होतं, तेरा मेचं. मीच रद्द केलं."

मी दाराची मूठ घट्ट धरली.

हे कुणालाच माहीत नव्हतं. केदारशी माझं लग्न तेव्हा व्हायचं होतं, तो ओसाकाला होता. कोरोनाच्या लॉकडाउनचे दिवस, आई सांगलीच्या दवाखान्यात अकरा दिवस होती. मी सगळ्यांना सांगितलं, विमानं नाहीत. स्वतःला सांगितलं, गेले तर जपान परत घेणार नाही, नवी नोकरी जाईल.

"परत येता येणार नाही म्हणून नव्हे," आतली म्हणाली. "आईला तसं बघायची मला भीती वाटली. म्हणून आले नाही."

हे मी स्वतःशीसुद्धा कधी बोलले नव्हते.

मग बाबा रडत असल्याचं ऐकू आलं, आणि रडता रडताच ते म्हणाले, "असू दे. असू दे गं बाळा. तुझी आई विचारायची, वैभवी कुठाय. मी सांगायचो, निघालीय. तिला तेवढं पुरलं."

फटीतून आतल्या खोलीची कड दिसत होती. बाबांचा गुडघा दिसत होता आणि त्यावर ठेवलेला एक हात. मनगटापर्यंतच. माझ्या करंगळीचं नख लहानपणी दारात चेंगरून वाकडं झालंय. त्या हाताचंही वाकडं होतं.

मी हाक मारली, "बाबा."

हात उचलला गेला. घाईने नव्हे. बाबा उठून दाराशी आले, डोळे पुसत. फटीतून त्यांनी माझा चेहरा नीट न्याहाळला.

"कोण पाहिजे आपल्याला?" त्यांनी विचारलं.

"बाबा, मी आहे."

"आत्ता नको हं. मुलगी आलीय माझी." आणि त्यांनी अदबीने, मला लागणार नाही अशा बेताने दार लावून घेतलं.

मी त्याच जागी उभी राहिले. बेल वाजवली नाही. का वाजवली नाही, ते केदारने नंतर कितीदा तरी विचारलं. मला एकच उत्तर देता येतं: ती दार उघडेल, या भीतीने.

मी दारासमोरून हलले नाही. दुसरा जिना नाही, बाल्कनीखाली चार मजले. दोन चाळीसला मोबाइलवर सेन्सर हिरवे झाले. किल्ली लावली, साखळी नव्हती. बाबा बेसिनपाशी दोन कप धूत होते.

"काय गं?" ते म्हणाले. "काही विसरलीस?"

मी प्रत्येक खोली पाहिली. ओशिइरे उघडलं, गाद्या हलवल्या. लॅपटॉप कोमट होता.

७

मी यंत्रणा काढून टाकली. लॅपटॉप ऑफिसातल्या कपाटात नेऊन ठेवला. केदारला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "थोडे दिवस घरूनच काम कर." विश्वास ठेवला की नाही, ते त्याने सांगितलं नाही. पण त्या रविवारी त्याने दाराचं कुलूप बदलून घेतलं.

डॉक्टरांनी बाबांना चित्रं दाखवली, तारखा विचारल्या, घड्याळ काढायला लावलं. या वयात असं होतं म्हणाले. कधी कधी जवळच्याच माणसाची ओळख पटत नाही. औषध दिलं.

मी जेवणाच्या टेबलावर काम मांडून बसू लागले. काहीही झालं नाही. दोन वाजायचे, दोन चाळीस व्हायचे. बाबा सकाळी माझ्याशी बोलायचे, भाजी निवडून द्यायचे. पण पावणेदोनला शर्ट बदलून, केस विंचरून आपल्या खोलीच्या दाराशी खुर्ची घेऊन बसत. दोन चाळीसनंतर उठत, ते अंथरुणावर पडायलाच. चौथ्या दिवसापासून जेवण कमी झालं. पुन्हा फ्रिज उघडायला विचारू लागले. दहाव्या दिवशी त्यांच्या मनगटावरचं घड्याळ निसटून खाली पडलं, इतका हात बारीक झाला होता.

त्या दिवशी दोनला दहा मिनिटं असताना मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. गुडघ्यावर हात ठेवला.

"बाबा, मला तुम्हाला एक सांगायचंय. आईच्या वेळी विमानं बंद नव्हती. मी तिकीट काढून रद्द केलं. मला भीती वाटली."

पाच वर्षांनी माझ्या तोंडून ते बाहेर पडलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

"हो," बाबा म्हणाले. "तिनं सांगितलं मला सगळं. फार रडली बिचारी. आमचं मिटलं ते."

"बाबा, मी वैभवी."

"असं का?" ते हसले, समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून हसतात तसे. माझा हात त्यांनी हळूच उचलून बाजूला ठेवला. "माझ्या मुलीचंही नाव तेच आहे. राग मानू नका ताई, पण तुम्ही दिवसभर इथे बसता, त्यामुळे तिला येता येत नाही. लाजाळू आहे ती. जरा खाली जाऊन येता का? अर्धा-पाऊण तासाचा प्रश्न आहे."

त्यांचे ओठ सुकलेले होते. दोन दिवस ते धड पाणीही प्यायले नव्हते.

मी बूट घातले. नवी किल्ली खिशात टाकली आणि बाहेर पडून दार ओढून घेतलं. आतून साखळी लागली.

मग बाबांचा आवाज आला. पाठ दाराकडे असावी, कारण ते घरात, आतल्या बाजूला बोलत होते.

"ये बाहेर," ते म्हणाले. "गेल्या त्या."